संध्याकाळचे बाबा

६ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कोपऱ्यात सारशील अशी मला धास्ती आहे. तसं केलं नसशील तर जरा टेक आणि वाच. फोन तू उचलत नाहीस. आणि उचलशील त्या वेळी मी मेल्यासारखी झोपलेली असणार. मी टुणटुणीत असते तेव्हा तू पांघरुणात. लहानपणापासून आपलं हेच. तू घुबड आणि मी कोंबडा, ही नावं बाबांनीच ठेवली, फक्त कोंबड्याला शाबासकी मिळायची.

बाबांना झटका आला तेव्हा मी कळवलं होतं. त्यानंतर तू एकदा फोन केलास, सकाळी, इस्पितळाच्या धुलाईखान्यातली रात्रपाळी सुटल्यावर. मी फोन त्यांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "मला मुलगा नाही." तू फोन ठेवून दिलास, तो आजतागायत.

आता पुढचं ऐक, तेव्हा ऐकायला तू थांबला नाहीस. त्याच सकाळी दूध पिताना ते मला म्हणाले, "मला मुलगी नाही." मग आरशात बघून विचारलं, हे गृहस्थ कोण. तेव्हा ते वाक्य काही खास तुझ्यासाठी राखून ठेवलेलं नव्हतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनाच मिळालं, आरशासकट.

घर मी त्यांच्याच शिस्तीने चालवतेय. पहाटे जिन्यातली पितळी घंटा वाजवते. तीच, जी तुझ्या कानाशी वाजवून त्यांनी तुला पलंगावरून खाली पाडलं होतं. मग त्यांना उठवून आंघोळ, दाढी, न्याहारी, आणि उजाडायच्या आत खाली कापड रंगवायच्या कारखान्यात, उत्तरेच्या खिडकीशी खुर्ची. रंगाऱ्याचा दिवस अंधारात सुरू व्हायला हवा, रंग ठरवायचा तो सकाळच्या उजेडात, दुपारचा उजेड खोटारडा आणि दिव्याचा तर दरोडेखोर. त्यांनी आपल्याला पाजलेलं बाळकडू मी त्यांनाच पाजतेय. ते साबण भिरकावतात, दात घट्ट मिटतात. परवा चमच्याला चावले. डोळ्यांत ओळख म्हणून नाही.

मला वाटतं माझंच कुठेतरी चुकतंय. आणखी थोडं लवकर उठवून बघणार आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिते, कारण घडलेलं सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. पोरगेलीशी आहे, आपल्याहून लहान. येणार होती सकाळी, पण तिची गाडी बंद पडली आणि ती उगवली दिवेलागणीला. मी कढई घासत होते, तशीच काळ्या कोपरांनी वर धावले. बघते तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले आणि तिच्या गळ्यातल्या स्कार्फचं टोक चिमटीत धरलेलं.

"हा निळा गार पाण्यात धुवायचा," ते तिला सांगत होते. "गरम पाणी दाखवलंत की महिन्याभरात राखेसारखा होईल. कोणी रंगवला? घाई केलीय."

तिने हातातला कागद बघितला. नर्सने सकाळी येऊन लिहिलेला: बोलत नाहीत, ओळखत नाहीत, खाऊ घालावं लागतं. मग मला म्हणाली, "ताई, मी बरोबर घरात आलेय ना?"

मी म्हटलं, संध्याकाळी कधीकधी एखादं वाक्य बोलतात, पण तोवर माझेच डोळे मिटायला लागलेले असतात, मी फार लक्ष दिलं नाही.

"सकाळी कधी उठवता?"

मी सांगितलं. आंघोळीचं सांगितलं, घंटेचं सांगितलं. मला वाटलं कौतुक करेल.

"का?" तिने विचारलं.

"का म्हणजे? ते जन्मभर पहाटे उठले."

"उठले. आता त्यांचं शरीर उठत नाही, तुम्ही नुसतं उभं करता." मग जरा नरमली. "हे बघा, अशा आजारात बहुतेकांची संध्याकाळच वाईट जाते. यांचं उलट झालंय. आतलं घड्याळच फिरलंय म्हणा. ते फिरवून परत जागेवर आणता येत नाही. तेव्हा घर फिरवा. जे काही अवघड आहे, आंघोळ, जेवण, बोलणं, सगळं त्यांना तरतरी असते तेव्हा. बाकी वेळ झोपू द्या."

"पण रंगारी माणूस दुपारपर्यंत झोपून..."

"झोपला तर काय होईल?"

या घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तू विचारला असशील, पण तुझं ऐकतंय कोण.

तर मी घंटेच्या लोलकाला निळी चिंधी गुंडाळली. त्याच दिवसापासून. आता बाबा दुपार कलेपर्यंत झोपतात. चेहरा बाळासारखा असतो. मग हळूहळू जागे होतात, उन्हं उतरली की आंघोळ, मुकाट्याने, साबण स्वतः मागून. दोन अंडी खातात. अंधार पडला की बोलायला लागतात आणि मग थांबत नाहीत. आईची चेष्टा करतात, ती असल्यासारखी नाही हं, गेलेली आहे हे पक्कं माहीत असून. मला नावाने हाक मारतात. बाबा परत आलेत रे, फक्त संध्याकाळी येतात.

काल सकाळी चुकून त्यांना जाग आली. मी विचारलं, दूध देऊ? तर कपाळ धरून म्हणाले, "सकाळी मला काही सुचत नाही गं."

आठवतंय हे वाक्य कुणाचं? आणि त्यावर त्या माणसाला काय काय ऐकावं लागायचं? मी आधी हसले. मग तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडले.

ताई


५ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. चार शब्द लिहिलेस त्याबद्दल आभार मानू की पाठीत धपाटा घालू? "बाबा बोलावतायत की तू?" एवढंच. ना प्रिय, ना तुझा.

सांगते, पण आधी दुसरं. अक्षर वेडंवाकडं आहे ते हाताला जरा पोळलंय म्हणून. काही विशेष नाही.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांना गुंतवायला म्हणून मी नमुन्यांची पेटी दिली. कापडाचे जुने तुकडे, प्रत्येक कामातला एकेक जपून ठेवलेला. दिव्याखाली बसून ते एकेक काढत होते, मी समोर पेंगत होते. मग दचकून मान वर केली. त्यांच्या हातात तो मरून रंगाचा तुकडा होता. तुझा. चौकातल्या त्या जेवणघराच्या पडद्यांचा.

तुला माहीतच आहे तो तुकडा सकाळी कसा दिसतो. जास्त भाजलेल्या विटेसारखा. त्या सकाळी बाबांनी सगळे पडदे उत्तरेच्या खिडकीशी नेले, एकदा बघितले आणि तुझी काठी, रंग ढवळायची, उचलून रस्त्यावर फेकली. "सूर्य डोक्यावर आल्यावर उठणाऱ्याने रंगाला हात लावू नये." तू काठी उचललीस आणि गेलास. चपला मागे राहिल्या, त्या मी पोस्टाने पाठवल्या.

पण दिव्याखाली मी तो पहिल्यांदाच बघितला. काय खोल, काय गोड रंग आहे रे. तू तो रात्री दिव्याखाली जुळवलास म्हणून तो दिव्याखालीच खुलतो.

"हा कुणी केला?" बाबांनी विचारलं.

"ज्याला हाकललंत त्याने."

ते चिडतील म्हणून मी बिचकले. त्यांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला. "कुठे लावायचे होते?"

"जेवणघरात. ते संध्याकाळीच उघडतं."

"हं," म्हणाले. आणि तुकडा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

बस, एवढंच. फार हुरळून जाऊ नकोस. पश्चात्ताप नाही, डोळ्यांत पाणी नाही. नंतर म्हणाले की कडेला रंग नीट चढलेला नाही. पण शर्ट धुवायला काढला की ते आधी तुकडा काढून घेतात आणि नव्या शर्टाच्या खिशात घालतात. रोज.

ताई


१७ मार्च

धाकट्या,

तू सरळ विचारलं होतंस आणि मी नमुन्यांची पेटी उघडून बसले. आता सरळ सांगते. बाबा बोलावत नाहीत. त्यांनी तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही. मी बोलावतेय.

हाताचं ऐक. बाबांचा दिवस सुरू होतो तेव्हा माझा संपलेला असतो. काम सकाळीच होतं, उजेडही सकाळचा आणि माझं डोकंही सकाळचं. पहाटे डोळे उघडतात ते कोणी सांगायला लागत नाही. दुपारनंतर मी उतरणीला लागते, आणि त्याच वेळी ते चढणीला. त्यांना आंघोळ घालायची, खायला द्यायचं, त्यांच्याशी बोलायचं, ते सगळं मी माझ्या शिळ्या वेळेत करते. ते मजेदार काहीतरी सांगत असतात आणि मला वाक्याचं शेपूट ऐकू येत नाही. मग रात्री उशिरा कधी तरी ते झोपतात, आणि थोड्या वेळाने माझे डोळे टक्क उघडतात.

हात पोळला त्या दिवशी जेवून मी टेबलावरच डोकं टेकलं. जाग आली ती वासाने. खाली कारखान्यात बाबांनी कढईखाली शेगडी पेटवली होती. रिकाम्या नव्हे, भरलेल्या कढईखाली, पाणी काठावर उसळतंय, आणि ते वाकून मरून रंग ढवळतायत. बाही शेगडीला लागून धुमसत होती. मी त्यांना मागे ओढलं, कढई कलंडली, उकळतं पाणी माझ्या हातावर आलं. त्यांना कणभरही लागलं नाही. आणि मला काय म्हणाले माहितीय? "दिवसाढवळ्या झोपतेस! लाज नाही वाटत?"

त्यांचा चेहरा इतका खुश होता रे, मला रागावताही येईना.

आता झोप आवरेनाशी झाली की मी माझ्या मनगटाला आणि त्यांच्या खुर्चीला दोरी बांधते. ते उठले की मला हिसका बसतो. शेळी बांधतात तशी. ते विचारतात हे काय, मी सांगते, नवा प्रकार आहे, रंग पक्का होतो. ते म्हणतात मला शिकवू नकोस.

याच्याने किती दिवस निभणार? मागच्या आठवड्यात मी एका बाईंचे पांढरे ब्लाउज काळ्या कढईत टाकले. मी! बाबा जिच्या हातात डोळे झाकून कापड द्यायचे ती. त्या बाई भल्या म्हणून हसून म्हणाल्या, असू द्या, बारीक दिसेन. मी मात्र त्या दिवशी दुसरं कापड हातात घेतलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक जागा सुचवली. म्हातारी माणसं सांभाळतात, चांगली आहे, स्वच्छ आहे. मी जाऊन बघून आले. पलंग नीट, खिडकीबाहेर झाड. तिथल्या मुख्य बाईंना विचारलं, माझ्या वडिलांचा दिवस दुपारनंतर उगवतो, चालेल का? त्या म्हणाल्या, "इथे एवढ्या जणांचं करायचं तर सगळ्यांचा दिवस एकदमच उगवावा लागतो." पहाटे उठवतात. आंघोळ, न्याहारी, रांगेने. दिवे लवकर मालवतात. त्या चुकीच्या नाहीत, त्यांना तसं करावंच लागेल. पण तिथे गेल्यावर बाबा जागे असतील ती वेळ अंधारात छताकडे बघण्यात जाईल, आणि उजेडात तिथे नुसता एक हट्टी म्हातारा असेल. बाबा म्हणून ते कोणालाच भेटणार नाहीत. एक तारखेला जागा रिकामी होतेय. होकार त्याआधी द्यायचाय.

म्हणून तुला विचारते. तू येशील का? क्षमा मागायला नको आणि करायलाही नको. संध्याकाळी तू, सकाळी मी. तुझी जी वेळ या घराने नालायक ठरवली, तीच आता या घराला हवी आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी लिहिते. पहाटे तुला कोणी उठवणार नाही. घंटेत चिंधी अजून आहे. मी थकलेय रे, हाडापर्यंत थकलेय.

ताई


३० मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. मी तुला दोष देत नाही, खरंच. तुझं तिथे काम आहे, तुझ्या झोपेला तिथे कोणी नावं ठेवत नाही. ते सोडून कोण येईल.

मी होकार दिलाय. गाडी परवा येईल, सकाळी. त्यांची ती वेळ अशी असते की गाडीत बसवलं काय आणि खुर्चीत बसवलं काय, बाबांना कळणारही नाही कुठे चाललोय. मुख्य बाई म्हणाल्या, त्या दृष्टीने बरंच आहे. मीही मान हलवली.

काल संध्याकाळी त्यांचे शर्ट घडी करून ठेवत होते. ते बघत होते. म्हणाले, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, हवापालट. म्हणाले, "मग कारखाना कोण बघणार?" मी. "आणि संध्याकाळी माझ्याशी कोण बोलणार?"

मी पाणी प्यायला उठले, तर दोरीने खुर्चीच ओढली गेली. आम्ही दोघंही हसलो. मग मी शर्ट घडी करत राहिले.

मरून तुकडा त्यांच्या अंगावरच्या शर्टाच्या खिशात आहे. तो तिथे हरवेल असं मला वाटतं, पण काढून घ्यायचा धीर होत नाही.

ताई


१३ एप्रिल
(ओट्यावर, साखरेच्या डब्याखाली)

धाकट्या,

एका घरात राहून पत्र लिहितेय, हसू नकोस. तू वर घोरतोयस, आणि तू उठशील तेव्हा माझे डोळे मिटायला लागलेले असतील. मधल्या तासाभरात आपण रंग, बिलं आणि अंडी याबद्दलच बोलतो. बाकीचं लिहूनच बरं.

आधी कामाचं. हिरवा नमुना मी काल सकाळी खिडकीत बघितला, एक छटा गडद हवा. संध्याकाळी तुम्ही दोघं मिळून तो दिव्याखाली बरोबर करू नका. त्यावर मला वाद नकोय. गिऱ्हाईक तो कोट उन्हात घालणार आहे.

आता दुसरं. तू आलास त्या रात्रीचं तुला कधी बोलले नाही. मी दोरी बांधून टेबलावर झोपले होते, सकाळी गाडी यायची होती. पहाटे जाग आली तर मनगट मोकळं. दोरी नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवलेली, माझ्या अंगावर चादर. आणि खालून दोन आवाज, एक बाबांचा, एक तुझा. रात्रभर जागे होतात तुम्ही दोघं. काय बोललात ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. मी जिन्यातच बसून राहिले. मग गाडी आली, तिला परत पाठवलं, आणि मी परत झोपले. जन्मात पहिल्यांदा उजाडल्यावर झोपले. तू मला कोंबडा म्हणून चिडवायचा हक्क एका दिवसापुरता गमावलास.

आणि आजचं सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला बसले. आज सकाळी मी चहा ठेवत होते. हाताची कातडी अजून ओढते, भांडं निसटलं, खणखणाट झाला. मागे वळून बघते तर बाबा दारात. सकाळचे बाबा. केस विस्कटलेले, नजर माझ्या अंगावरून भिंतीवर गेलेली. मला ओळखलं नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी फेकतील.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, जरा हळू," ते म्हणाले. "आमचा मुलगा झोपलाय."

मी भांडं उचलून फडक्यावर ठेवलं. त्यांना हाताला धरून परत पलंगावर नेलं, तेही पाय न वाजवता आले. चहा केलाच नाही. हे खाली कारखान्यात बसून लिहितेय, उजेड आत्ताच खिडकीत येतोय.

झोप तू.

ताई